मुरुड-जंजिरा की सावंतवाडी? दोन संस्थानी राजधान्या आणि त्यांच्या भोवतीचे रान

कोकणात जायचे, पण केवळ समुद्रकिनाऱ्यासाठी नव्हे, आणि तीन-चार दिवसांत एखाद्या जुन्या राजधानीच्या वास्तू व तिच्या आसपासचे वन्यजीवन असे दोन्ही पाहायचे, असे ज्यांनी मनाशी ठरवले आहे त्यांची निवड बहुधा दोन गावांपाशी येऊन थांबते. एक म्हणजे रायगड जिल्ह्यातील मुरुड आणि दुसरे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी. दोन्ही गावे १९४८ मध्ये संस्थाने विलीन होईपर्यंत राजधान्या होती, दोन्हीकडे राजवाडा आजही उभा आहे, आणि दोन्हीकडून तासाभराच्या आत खऱ्या अर्थाने जंगल म्हणता येईल अशा ठिकाणी पोहोचता येते. कागदावर ही दोन गावे इतकी सारखी दिसतात की बरेच जण केवळ अंतर पाहून निर्णय घेतात. मुंबई-पुण्याहून मुरुड जवळ, म्हणून मुरुड. गोव्याला जाता-जाता सावंतवाडी वाटेत लागते, म्हणून सावंतवाडी. माझ्या मते हा निकष चुकीचा नसला तरी दुय्यम आहे. आधी महिना पाहावा. मुरुडचे जे सर्वोत्तम आहे ते समुद्र शांत असल्याशिवाय पाहता येत नाही, आणि सावंतवाडीच्या परिसरातले जे सर्वोत्तम आहे ते पाऊस कोसळत असल्याशिवाय दिसत नाही.

मालवणचे नाव या तुलनेत का नाही, असा प्रश्न येणारच. सिंधुदुर्ग किल्ला आणि १९८७ मध्ये घोषित झालेले मालवणचे सागरी अभयारण्य ही जोडी मोलाची आहे. पण मालवण हे कोणत्या संस्थानाचे राजधानीचे गाव नव्हते, तेथे राजवाडा नाही, आणि तिथले वन्यजीवन पाण्याखालचे आहे. ती सहल वेगळी आणि तिची तयारीही वेगळी. अलिबागला आंग्र्यांचा कुलाबा किल्ला आहे. पण अलिबाग मुरुडच्या वाटेवरच असल्याने त्याचा स्वतंत्र विचार करण्याची गरज नाही.

दोन राज्ये, दोन स्वभाव

जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे आफ्रिकेतील हबसाण प्रांतातून आलेल्या लोकांचे वंशज. निजामशाहीच्या चाकरीतून त्यांचा जम बसला, पुढे त्यांनी मोगलांशी संधान बांधले, आणि मराठे, पोर्तुगीज व इंग्रज या तिघांशी लढत-जुळवून घेत त्यांनी आपले राज्य थेट विसाव्या शतकापर्यंत टिकवले. त्यांची सत्ता समुद्रावरची होती. सौराष्ट्रातील जाफराबादसुद्धा त्यांच्याच ताब्यात होते. सावंतवाडीचे सावंत-भोसले हे मात्र जमिनीवर पाय रोवलेले, कुडाळ प्रांताच्या देशमुखीतून वर आलेले घराणे. गोव्याच्या पोर्तुगिजांशी त्यांचे वैर पिढ्यानपिढ्या चालले, आणि त्या वैराच्या खुणा रेडीपासून तेरेखोलपर्यंत विखुरलेल्या आहेत. ब्रिटिश काळात जंजिऱ्याच्या नबाबाला अकरा तोफांची सलामी मिळे आणि सावंतवाडीच्या राजाला नऊ, जरी क्षेत्रफळाने सावंतवाडी जंजिऱ्याहून कितीतरी मोठे होते. तोफांच्या या हिशेबाचे आज कोणाला काही वाटत नाही. पण पर्यटकाच्या दृष्टीने त्यातून एक गोष्ट लक्षात येते, ती म्हणजे जंजिऱ्याचे वैभव लष्करी आणि सावंतवाडीचे दरबारी आहे. पुढची सगळी तुलना या फरकाभोवतीच फिरते.

मुरुड : दगड, चुना आणि खारे पाणी

मुरुडला जाणारा माणूस जंजिरा पाहायला जातो, आणि ते योग्यच आहे. किल्ला मुरुडमध्ये नसून राजपुरी गावासमोर, खाडीच्या मुखाशी समुद्रात आहे. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या सुटतात. दिघीच्या बाजूनेही होड्या मिळतात. सोळाव्या शतकात जुन्या लाकडी मेढेकोटाच्या जागी उभारलेला हा दगडी किल्ला शिवाजी महाराजांना जिंकता आला नाही. संभाजी महाराजांनी १६८२ च्या सुमारास राजपुरीकडून समुद्रात भराव घालून सेतू बांधण्याचा प्रयत्न केला, तोही तडीस गेला नाही. हा इतिहास शाळेत सर्वांनी वाचलेला असतो. पण होडी किल्ल्याच्या जवळ जाऊ लागते, तट डोळ्यांसमोर वाढत जातो आणि तरीही दरवाजा कोठे आहे ते कळत नाही, तेव्हा तो इतिहास पहिल्यांदा नीट समजतो. दोन बुरुजांच्या मधल्या खोबणीत महादरवाजा असा दडवला आहे की होडी पायऱ्यांना अगदी भिडेपर्यंत तो दिसत नाही.

या उतरण्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण निर्णय पुष्कळदा यावरच अवलंबून असतो. होडी पायऱ्यांशी लागते तेव्हा ती स्थिर नसते. लाट आली की होडी हातभर वर उचलली जाते आणि लगेच खाली बसते. एक खलाशी दोर ताणून धरतो, दुसरा उतरणाऱ्याच्या दंडाला धरून योग्य क्षणी पायरीवर ढकलतो. पायऱ्यांवर शेवाळ असते. धडधाकट माणसाला यात विशेष काही नाही. परंतु गुडघे दुखणारे आजी-आजोबा, कडेवर मूल असलेली आई किंवा पाण्याची धास्ती असलेले कोणी बरोबर असेल, तर ही अडचण घरूनच लक्षात घेऊन निघावे. धक्क्यावर गेल्यावर घरच्या वडीलधाऱ्यांना ‘तुम्ही इथेच बसा’ असे सांगण्याची वेळ आणणे बरे नव्हे.

दरवाजाच्या बाजूला भिंतीत एक शिल्प आहे, तेथे गर्दीतही थांबावे. वाघासारख्या दिसणाऱ्या एका हिंस्र पशूने आपल्या पंजांत आणि शेपटीत हत्ती जखडून ठेवले आहेत. हत्ती लहान, जवळजवळ खेळण्याएवढे, आणि पशू ऐटीत. आजूबाजूच्या सत्तांना सिद्दी काय समजत होते, ते या एका दगडावर स्पष्ट दिसते. आत गेल्यावर गोड्या पाण्याचे मोठे तलाव, सुरूलखानाच्या वाड्याचे भग्न मजले आणि तटावरील तोफा हे मुख्य आकर्षण. कलाल बांगडी ही तोफ सर्वांत प्रसिद्ध; तिचा पल्ला वाटाडे जो सांगतात तो ऐकावा आणि सोडून द्यावा, पण तिच्या तोंडापाशी उभे राहून राजपुरीच्या किनाऱ्याकडे अवश्य पाहावे. होडीवाले साधारणपणे पाऊण तास ते तासभर वेळ देतात आणि तो अपुरा पडतो. शनिवार-रविवार टाळून सकाळच्या पहिल्या होडीने गेल्यास थोडी सवड मिळते. वाटाड्याच्या गोष्टी ऐकण्यात वेळ घालवायचा की तटावरून फिरायचे, हे मात्र आधीच ठरवून घ्यावे. पावसाळ्यात होड्या बंद असतात. जून ते ऑगस्ट या काळात मुरुडला जाऊन किल्ला किनाऱ्यावरून पाहून परतणारे लोक दरवर्षी भेटतात, आणि त्यांची हळहळ खरी असली तरी ती टाळता येण्याजोगी असते.

जंजिऱ्याच्या गर्दीमुळे दुर्लक्षित राहणाऱ्या दोन वास्तू मला मुद्दाम सुचवाव्याशा वाटतात. पहिली म्हणजे राजपुरीपासून जवळच असलेले खोकरीचे घुमट. सिद्दी सुरूलखान, सिद्दी याकूतखान आणि त्याचा भाऊ खैरियतखान यांच्या या दगडी कबरी आहेत. याकूतखान म्हणजे ज्याने १६८९-९० मध्ये मुंबईत इंग्रजांना वेढा घालून जेरीस आणले तोच. तिन्हींत सुरूलखानाची कबर मोठी आहे. तिच्या भिंतींतील दगडी जाळ्या जवळून पाहिल्या तर प्रत्येक जाळीची नक्षी वेगळी असल्याचे जाणवते, आणि दुपारी आतल्या फरशीवर त्यांचे कवडसे पडतात. येथे सहसा कोणी नसते. होडीत चढू न शकणाऱ्या मंडळींसाठी मुरुड परिसरातील ही सर्वांत चांगली वास्तू आहे, कारण गाडी अगदी जवळपर्यंत जाते.

दुसरी म्हणजे मुरुडच्या किनाऱ्यासमोरचा पद्मदुर्ग, ज्याला कासा किल्लाही म्हणतात. जंजिऱ्याला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी तो बांधून घेतला. त्याच्या तटाची मौज अशी की साडेतीनशे वर्षांच्या खाऱ्या माऱ्याने दगड झिजून आत गेले आहेत, पण त्यांना सांधणारा चुना जसाच्या तसा उभा आहे, त्यामुळे भिंत मधाच्या पोळ्यासारखी दिसते. दगडापेक्षा चुना टिकाऊ ठरल्याचे असे उदाहरण फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळेल. मात्र येथे जाण्यासाठी जंजिऱ्यासारखी नियमित होडी नाही. भरती-ओहोटी पाहून कोळी बांधवांपैकी कोणाशी तरी बोलून होडी ठरवावी लागते आणि समुद्राने साथ दिली नाही तर बेत रद्द करावा लागतो. ज्यांना किल्ल्यांचे वेड आहे त्यांनी हा खटाटोप करावा, इतरांनी किनाऱ्यावरून पाहून समाधान मानावे.

राहता राहिला नबाबाचा राजवाडा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला अहमदगंज राजवाडा अलिबागहून मुरुडमध्ये शिरताना उंचावर दिसतो. तो खासगी मालमत्ता आहे आणि पर्यटकांसाठी खुला नाही. रस्त्यावरून त्याचे घुमट आणि कमानी पाहाव्यात आणि पुढे जावे. राजवाड्याच्या आत जाऊन राजेशाही पाहण्याची हौस असेल, तर मुरुड ती पुरी करू शकत नाही.

सावंतवाडी : जिथे दरबारात अजून काम चालते

नेमकी तीच हौस सावंतवाडी पुरवते. गावाच्या मधोमध मोती तलाव आहे, १८७४ मध्ये बांधलेला, आणि त्याच्या काठावर जांभ्या दगडाचा राजवाडा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिसरे खेमसावंत गादीवर असताना तो उभारला गेला. बाहेरून तो भव्य नाही. मोठ्या संस्थानांचे राजवाडे पाहून आलेल्यांना तो एखाद्या प्रशस्त वाड्यासारखा वाटेल, आणि तसे वाटून घेण्यात वावगे काही नाही. लाल जांभा, कौलारू छपरे, कमानींचे सज्जे आणि दाट झाडी असे त्याचे कोकणी रूप आहे. राजघराण्याचा वावर येथे आजही आहे. वाड्याच्या एका भागात आता पाहुण्यांसाठी निवासाची सोयही केली आहे, त्यामुळे खिसा परवानगी देत असेल तर राजवाड्यात मुक्काम करणेही शक्य आहे.

पण सावंतवाडीला जाण्याचे खरे कारण दरबार सभागृहात सापडते. तेथे सिंहासन आणि जुन्या तसबिरींच्या सान्निध्यात बसून कारागीर गंजिफाची पाने रंगवत असतात. गंजिफा हा गोल पानांचा जुना खेळ. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येक संचात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतची पाने, अशी एकूण १२० पाने असतात. मोगल गंजिफात आठ संच आणि ९६ पाने. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर हा खेळ खेळणारे उरले नाहीत, आणि बनवणारेही संपत आले. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ही कला समजून घेतली, तरुण चित्रकारांना ती शिकवली आणि राजवाड्यातच त्यांना काम दिले. त्यामुळे येथे जी पाहायला मिळते ती काचेच्या कपाटात बंद करून ठेवलेली वस्तू नव्हे.

कारागिराच्या शेजारी परवानगी घेऊन दहा मिनिटे उभे राहावे. कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, घोटून गुळगुळीत केलेले पान तळहातात मावेल एवढेच असते. त्यावर अगदी बारीक कुंचल्याने मत्स्यावताराच्या दश्शीवरचे दहा मासे काढायचे, प्रत्येकाचे कल्ले आणि डोळे वेगळे दाखवायचे, आणि ते सारे हात न कापता. कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. मागची बाजू लाखेच्या लेपाने तुकतुकीत केलेली असते. संच विकतही मिळतात. हाताने रंगवलेल्या संचाची किंमत पाहून घासाघीस करण्याचा मोह झाला, तर त्या दहा माशांची आठवण ठेवावी.

राजवाड्यातून बाहेर पडल्यावर चितार आळीत जावे. सावंतवाडीची लाकडी खेळणी, विशेषतः पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची रंगवलेली फळे आणि भाज्या, पाट, देव्हारे यांची ही पेठ. राजाश्रयाने वाढलेली ही दुसरी कला आहे आणि मुले बरोबर असतील तर पहिलीपेक्षा तीच अधिक भावेल. तिसरी कुडाळजवळच्या पिंगुळीत : ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या, ज्यांना सावंतवाडीच्या राजांनी आश्रय दिला होता.

किल्ल्यांच्या बाबतीत मात्र सावंतवाडी मुरुडपुढे फिकी पडते, हे मान्य करावे लागेल. रेडीचा यशवंतगड झाडीत बुडालेला, जांभ्याच्या भिंतींवर मुळे पसरलेला देखणा किल्ला आहे. तेरेखोलचा किल्ला सावंतांनी सतराव्या शतकात बांधला, १७४६ मध्ये तो पोर्तुगिजांकडे गेला, आणि म्हणून आज तो महाराष्ट्राच्या बाजूने जमिनीने जोडलेला असूनही गोव्यात मोडतो. दोन्ही पाहण्याजोगे आहेत, पण जंजिरा पाहताना जशी छाती दडपते तसे येथे होत नाही.

फणसाड : नबाबाची शिकार, शेकरूचे घर

वन्यजीवनाच्या बाबतीत मुरुडचे उत्तर म्हणजे फणसाड अभयारण्य. मुरुड आणि रोहा तालुक्यांत पसरलेले हे जंगल नबाबाचे राखीव शिकारक्षेत्र होते. राजाने शिकारीसाठी राखले म्हणून कुऱ्हाडीपासून वाचले, हा आपल्याकडच्या अनेक अभयारण्यांचा पूर्वेतिहास आहे आणि फणसाडही त्याला अपवाद नाही. १९८६ मध्ये ते अभयारण्य म्हणून घोषित झाले. प्रवेश सुपेगावच्या बाजूने. वन विभागाची राहण्याची साधी सोय आहे आणि स्थानिक वाटाडे मिळतात.

येथे वाघ नाही आणि वाघ दाखवणारी जीपगाडीही नाही. पायी चालायचे, वर पाहायचे आणि शांत राहायचे. बिबट्या, सांबर, भेकर, साळिंदर आणि क्वचित पिसोरी ही येथली जनावरे. पण दिवसा चालणाऱ्याला हमखास भेटण्याची शक्यता असलेला प्राणी म्हणजे शेकरू, आपला राज्यप्राणी. उंच झाडाच्या फांद्यांत पानाकाड्यांचे गोल घरटे दिसले की थांबावे. खडखडाटासारखा आवाज आला की मान वर करावी, तांबूस लांब शेपटी पानांतून लोंबताना दिसते. गारंबीच्या माणसाच्या मांडीएवढ्या जाड वेली एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेल्या असतात आणि त्यांच्या हातभर लांब शेंगा पाहून मुले हरखून जातात. जंगलात ठिकठिकाणी पाणथळ जागा आहेत, त्यांना स्थानिक लोक गाण म्हणतात : चिखलगाण, फणसाडगाण वगैरे. एप्रिल-मे महिन्यांत इतरत्र पाणी आटले की जनावरे या पाणवठ्यांवर येतात. म्हणून जनावरे पाहण्यासाठी उन्हाळा उत्तम, पण त्याच उन्हाळ्यात जंजिऱ्याच्या तटावर दुपारी उभे राहवत नाही. दोन्हींचा मेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बसतो, मात्र तेव्हा जनावरे दिसण्याची अपेक्षा थोडी कमी ठेवावी लागते.

गिधाडांचा उल्लेख केल्याशिवाय या भागाबद्दल लिहिणे अपुरे ठरेल. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे देशभर गिधाडे मेली, २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, आणि रायगड जिल्ह्यात फणसाड तसेच खाडीपलीकडच्या म्हसळा तालुक्यातील चिरगाव येथे त्यांना जगवण्याचे प्रयत्न झाले. ती दिसलीच तर भाग्य समजावे, त्यासाठी सहल आखू नये.

आंबोली आणि दोडामार्ग : पावसाचे प्राणी

सावंतवाडीहून सुमारे तीस किलोमीटर घाट चढून गेले की आंबोली. येथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पावसाळ्यातल्या रविवारी मुख्य धबधब्यापाशी जी झुंबड उडते ती पाहून कोणालाही येथे वन्यजीवन आहे यावर विश्वास बसणार नाही. पण धबधब्याच्या गर्दीचा आणि आंबोलीच्या खऱ्या वैभवाचा संबंधच नाही. ते वैभव रात्री, बॅटरीच्या उजेडात, गुडघ्याच्या उंचीवर दिसते.

पहिला पाऊस पडून सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ पठारावरच्या, खळग्यांत पाणी साठले की आंबोली टोड नावाचा छोटा बेडूक प्रजननासाठी बाहेर पडतो. २००९ मध्ये शास्त्राने त्याची स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंद केली आणि तो केवळ आंबोलीच्या परिसरातून ज्ञात आहे. त्याच्या पिवळसर अंगावर वाघासारखे पट्टे असतात, म्हणून शास्त्रीय नावातही वाघ आला आहे. तळहाताएवढ्या, चार बोटे खोल डबक्यात त्याची अख्खी पिढी वाढते, आणि पाऊस आठवडाभर थांबला तर ते डबके आटते. त्यामुळेच तो अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. रस्त्यावर येणारे हे बेडूक गाड्यांखाली चिरडले जातात, म्हणून रात्री घाटमाथ्यावर गाडी चालवताना वेग कमी ठेवावा, किंबहुना गाडी काढूच नये. याखेरीज पाण्यावर झुकलेल्या पानांना फेसाचे घरटे चिकटवणारा मलबारी उडता बेडूक, फांदीवर वेटोळे घालून तासन् तास न हलणारा मलबारी चापडा हा विषारी साप, चिखलात सापडणारे देवगांडूळ हे बिनपायांचे उभयचर, अशी ही मंडळी. माहीतगार स्थानिक वाटाड्याशिवाय यांतले काहीही दिसणार नाही, आणि चापड्याच्या बाबतीत वाटाड्याशिवाय फिरणे धोक्याचेही आहे.

हिरण्यकेशी नदी जिथे उगम पावते त्या मंदिराच्या कुंडात २०२० मध्ये एका नव्या लहानशा माशाची नोंद झाली आणि त्याला नदीचेच नाव मिळाले. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथील कान्हळाची राई ही आणखी एक विलक्षण जागा : रानजायफळाच्या कुळातील झाडांचे गोड्या पाण्यातले दलदलीचे वन, ज्याची मुळे श्वास घेण्यासाठी चिखलातून गुडघ्यासारखी वर येतात. देवराई म्हणून गावकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या राखलेली ही जागा आहे. चपला बाहेर काढून, गावातल्या माणसाला बरोबर घेऊन आणि थोडक्यात पाहून यावी. तिलारीच्या परिसरात २००२ पासून कर्नाटकातून हत्ती येतात. काही प्रवासी त्यांच्या शोधात जातात, ते मला योग्य वाटत नाही. ज्यांच्या केळी-माडांच्या बागा त्या हत्तींनी उद्ध्वस्त केल्या आहेत, त्या शेतकऱ्यांच्या दारात हौसेने कॅमेरा घेऊन उभे राहणे शोभत नाही, आणि जिवाला धोका आहे तो वेगळाच.

कोणी कोठे जावे

मुंबईकरांसाठी मुरुड दोन दिवसांत उरकते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो सेवा २०२० पासून सुरू आहे, तिच्याने गाडी नेता येते. पुढे अलिबाग, रेवदंडा, काशीद असा किनाऱ्याचा रस्ता. एक दिवस जंजिरा आणि खोकरी, दुसऱ्या दिवशी पहाटे फणसाड, एवढ्यात परिसराचे मर्म हाती येते. तिसरा दिवस असेल तर आगरदांड्याहून जंगल जेट्टीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, खाडी ओलांडून दिघीला उतरून श्रीवर्धनकडे जाता येईल. सावंतवाडीला मात्र प्रवासाचे दोन दिवस वेगळे धरून किमान तीन दिवस तरी हवेत. दादरहून तुतारी एक्सप्रेस किंवा कोकणकन्या पकडावी. सावंतवाडी रोड स्थानक गावाबाहेर असल्याने पुढची रिक्षा गृहीत धरावी. मोपा विमानतळ सुरू झाल्यापासून दूरच्या शहरांतून येणाऱ्यांना ती वाट अधिक सोपी आहे. कोल्हापूर-बेळगावकरांना आंबोली वाटेतच लागते, त्यांच्यासाठी निवड आधीच झालेली आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीची सुट्टी, बरोबर शाळकरी मुले, आणि त्यांना इतिहासाच्या पुस्तकातला किल्ला दाखवायचा आहे, तर मुरुडच. मे महिन्यात दोनांपैकी कोणते, असे विचारल्यास मी मुरुडकडे किंचित झुकेन, पण जंजिऱ्याला सकाळची पहिली होडी पकडण्याच्या आणि फणसाडला पहाटे पाणवठ्यावर जाण्याच्या अटीवर. जून ते सप्टेंबर असेल तर प्रश्नच नाही, सावंतवाडी. तेव्हा मुरुडचा किल्ला बंद आणि आंबोलीचे सडे जागे असतात. फक्त घाटात दरड कोसळून रस्ता बंद होण्याची शक्यता गृहीत धरून बेतात एक दिवस मोकळा ठेवावा. वयस्कर आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांना कोणत्याही ऋतूत सावंतवाडी अधिक सुखाची होईल : राजवाडा सपाटीवर आहे, मोती तलावाभोवती संध्याकाळी फेरफटका मारता येतो, आणि होडीतून उडी मारावी लागत नाही. छायाचित्रकारांनी आपापल्या भिंगाप्रमाणे ठरवावे. लांब पल्ल्याचे भिंग असेल तर फणसाडचे शेकरू, जवळून टिपणारे असेल तर आंबोलीचे बेडूक.

दोन्ही एकाच सहलीत बसवण्याचा आग्रह मात्र धरू नये. मधला रस्त्याचा प्रवास जवळजवळ एक पूर्ण दिवस खातो, आणि वर सांगितल्याप्रमाणे दोन्हींचे ऋतूच जुळत नाहीत. मुरुड हिवाळ्यात करून सावंतवाडी पुढच्या पावसाळ्यासाठी ठेवावी, आणि आंबोलीतील वाटाडे व राहण्याची जागा मेच्या अखेरीसच सांगून ठेवावी, कारण पहिल्या पावसाच्या आठवड्यात बेडूक पाहायला येणाऱ्यांचीच तेथे गर्दी असते.